तात्यांचा करगोटा

...आता तुम्हीच सांगा, स्वतःचं पोट सुटलेलं माणसाला कळू नये? आमच्या तात्यांना नाही कळलं! तात्या म्हणजे माझे चुलते, तुळजापूरचे पुजारी. हातपाय काटकुळे, वजन बेताचं, आणि मधे पोट... तंबोऱ्याचा भोपळा! कुणी काही म्हटलं की कमरेचा करगोटा दाखवायचे, "लग्नातला आहे, अजून बसतो. कुठं वाढलोय मी?" अहो, बसणारच की! तो केव्हाचा घसरून पोटाखाली गेलाय! हे ओळखलं कुणी? मानलं बुवा चारुशीलाकाकूला!

तुम्हाला सांगतो, देवळाच्या पायऱ्या चढताना तात्यांना दम लागायला लागला. "वय झालं," म्हणाले. काकूनं ऐकलंच नाही, धरून सोलापूरला नेलं. डॉक्टरनं टेप लावली ती थेट बेंबीवर, तपासण्या केल्या आणि म्हणाला, "महाराज, ही चरबी नुसती कातड्याखाली नाही, आत आतड्यांभोवती बसलीय. तिनं प्रेशर वाढतं, हृदय ताठरतं, मग ते नीट सैल पडत नाही, रक्त भरून घेत नाही. वजन बेताचं असलं म्हणून सुटका नाही." तात्यांनी करगोटा कुठं बसलाय ते चाचपून बघितलं... जन्मात पहिल्यांदा! काकूचे डोळे भरले, पण बसमध्ये चढताना पदर खोचलेला होता.

पण खाणं कमी करायचं कसं? नवसाची माणसं पुरणाचा नैवेद्य करतात आणि पुजारी जेवल्याशिवाय घास घेत नाहीत. भूमच्या हरणाबाई ताटासमोरच बसल्या, "म्हाराज, तुमी जेवल्याबिगर माझा नवस फिटायचा न्हाय." तात्यांचा हात तुपाच्या वाटीकडं निघाला की हो! तेवढ्यात काकू शेजारी मांडी घालून बसली, हळूच म्हणाली, "मावशी, ह्यांचं काळीज थकलंय. पुढच्या साली नवसाला पुजारी पाहिजे का नको?"

हरणाबाईंनी स्वतःच्या हातानं पोळ्या मागं घेतल्या, एक घास ठेवला आणि डोळे पुसले. मानलं बुवा काकूला!

तवापासून तात्या एकच घास घेतात, संध्याकाळी काकूच्या मागं मागं चालायला जातात. परवा पायऱ्या न थांबता चढून आले... मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

फक्त एक झालं. नैवेद्याचं ताट टाकायचं नसतं, आणि जेवायला माणूस पुजाऱ्याच्या घरातलाच लागतो! काकूनं इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाली, "गुरू, तू बस. वाळकाच आहेस." रोज पुरण, रोज तूप... काकूला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

माझा करगोटा? लग्नातलाच आहे, अजून बसतो. फक्त कुठं बसतो, ते काकूला सांगू नका!