अनोळखी नंबर उचलला म्हणून

जबाब देणार : विरुपाक्ष शिवपुत्र कलशेट्टी, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी यंत्रमाग कामगार, आता घरीच, शिक्षण चौथी, बाकी पेपर वाचून. रा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पाठीमागे, सोलापूर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी शांतम्मा असे दोघेच राहतो. मुलगा पुण्यास असतो.

मंगळवारी दुपारी पत्नी पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरडया काढण्यास शिडीवर चढली. मी खाली टोपली घेऊन उभा होतो. शिडी फरशीवरून सरकली व ती पाठीवर पडली. डोक्यातून रक्त येत होते. "पाय कळंना झालेत," असे ती म्हणाली.

मी ११२ लावला. "बायको पडली, लवकर या," एवढे सांगून फोन ठेवला. कुठे यायचे ते सांगायचे राहिले. लगेच अनोळखी नंबरवरून फोन आला, तो मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. कारण की, अनोळखी फोन घेऊ नका, खाते रिकामे होते, असे याच पोलीस ठाण्याचे साहेब आमच्या गल्लीत सांगून गेले होते. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा पत्नी पडल्या पडल्या म्हणाली, "आवं, घ्या की त्यो! आता काय लुटायचं राहिलंय माझं?"

पलीकडून बाई म्हणाल्या, "काका, मी एकशेबारामधूनच बोलतेय. कापू नका. आधी पत्ता सांगा." सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पाठीमागे, मारुतीच्या देवळामागे, निळे दार, असे मी सांगितले.

इतक्यात शेजारचे गुरुशांत मोटरसायकल घेऊन आले. "ॲम्ब्युलन्सची वाट कुटं बघता काका? काकूला मधी बसवू, तुमी मागनं धरा," म्हणत त्यांनी तिच्या काखेत हात घातले. ते बाईंनी फोनवर ऐकले व त्या ओरडल्या, "उचलू नका! मान, पाठ हलवू नका. स्वच्छ कापड जखमेवर धरा. त्या दादांना गल्लीच्या तोंडाशी उभं करा." गुरुशांत "व्हय ताई" म्हणून गाडी चालूच ठेवून पळाले.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाईंनी फोन ठेवला नाही. पत्नीला बोलती ठेवा म्हणाल्या. पत्नी म्हणाली, "शेळी सांडलेल्या कुरडया खातीया बघा." मी म्हणालो, खाऊ दे.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला फळीवर बांधून नेले. डॉक्टर म्हणाले, मणक्याला तडा आहे, मोटरसायकलवर बसवले असते तर पाय कायमचे गेले असते. त्यांनी तिला पायाची बोटे हलवायला सांगितली. तिने हलवली. त्यानंतर मला कोणी बाकावर बसवले ते आठवत नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गुरुशांत यांचा हेतू चांगला होता, त्यांना काही विचारू नये. गल्लीत मी आता सांगतो, जीवावर बेतले तर ११२ लावा, आधी जागा सांगा, आणि पलीकडच्याने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

त्या बाईंचे नाव मला माहीत नाही. त्यांचे चांगले व्हावे. जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब म्हणाले, जबाबात आभार लिहीत नाहीत. मी म्हणालो, मग माझा जबाब पुरा होत नाही.

मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. आभाराची ओळ त्यात नव्हती. ती घालून पुन्हा वाचला. आता मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.