गोफणेवस्तीत माणसं किती?

हॅलो?... हॅलो, कोण?... दादा व्हय! आरं जरा मोठ्यानं बोल, स्टँडवर हाय मी. कराडच्या. ऐकू येत न्हाई नीट... न्हाई, न्हाई, बोल तू. म्हसवडची गाडी लागायची हाय अजून. आमचं डायवर, ज्ञानूमामा, चा प्यायला गेल्यात. तू कुठनं बोलतोस? मेंढरं लय वरडत्यात मागं... वाड्यापाशी हाईस. बरं. बोल.

हां... व्हय, ठरलं. नव्या गाड्या कुठनं कुठं जाणार ते समदं ठरलं. काल सांजच्याला भिताडावर लावलंय... बघितलं की! मीच पयली पळत गेले, हातातली भाकरी तशीच टाकून.

न्हाई, दादा.

न्हाई म्हंजी न्हाई. आपल्या वस्तीचं नाव न्हाई त्यात.

आरं दोनदा वाचलं! इंग्रजीत हुतं व्हय, मराठीतच हुतं. अलीकडच्या वाडीला गाडी दिली, पलीकडच्या वाडीला दिली, आन् मधी गोफणेवस्तीला न्हाई. फाट्यावरनं सरळ पुढं जाणार, आत वळायचीच न्हाई... आता माझ्यावर का वरडतोस? मी काय मार्ग आखते व्हय? मी तिकीट देणारी बाई!

ऐक की... दादा, ऐक तर खरं. मी गप बसले न्हाई. सकाळी उठून सायबाच्या केबिनात गेले. म्हणलं, साहेब, एवढ्या नव्या गाड्या आल्या, जिल्हाभर वाटल्या, मग आमच्याच वस्तीनं काय घोडं मारलंय? म्हणलं, आमच्या पोरी अजून माळानं तुडवत फाट्यावर येत्यात, तुमच्या येत्यात का?... व्हय, असंच म्हणलं. भ्याचं काय त्यात?

न्हाई, रागावला न्हाई. चांगला माणूस हाय त्यो. बस म्हणला आन्... आवं मावशी, उंब्रज ना? तीन नंबरला लागलीया. ती न्हवं, ती कोल्हापूरची. तीन नंबर, तीन!... आरं पॅसेंजर हुती. कुठं हुते मी? हां, सायेब. बसवलं मला आन् सांगितलं समजावून. दसरा झाल्यावर सर्वेची पोरं मोटरसायकलवरनं वस्त्या-वस्त्या फिरली म्हणं. घरटी इचारलं, रोज गाडीत बसणारी माणसं किती, बाजाराला किती, शाळेला किती. त्या बेरजेवर ठरलं समदं. जिथं माणसं जास्त, तिथं गाडी आत घालायची.

आन् आपली बेरीज... मला सांगायला बी लाज वाटती दादा. सायेब म्हणला, "बाई, तुमच्या वस्तीत माणसंच न्हाईत की."

मग मी काय गप ऱ्हाते? म्हणलं, खोटं हाय! तुमची पोरं वस्तीवर आलीच नसतील, फाट्यावरच चा-भजी खाल्ली आन् मनानं आकडं लिवलं. लय तोंड सोडलं मी. म्हणलं, माझा सख्खा भाऊ ऱ्हातोय तिथं, सिद्धू गोफणे, इचारा त्याला, आलं हुतं का कुणी...

काय?

आली हुती?

वस्तीवर?... मग कुणाला इचारलं त्यांनी?... वस्तीच्या कारभाऱ्याला, बिराप्पाआण्णाला. बरं. आनि?... आण्णासंगं आनि कोण हुतं?... दादा, कोण हुतं?

तू.

मग काय सांगितलंत दोघांनी मिळून?... निम्मी? निम्मी म्हंजी काय?

आरं माणसं हुती ती का मेंढरं!

मला म्हाईत हाय! मला नको शिकवूस. परक्या माणसानं मेंढरं किती म्हणलं, की निम्मी सांगायची, न्हाईतर कळपाला दृष्ट लागती. मी काय आभाळातनं पडले? त्याच वाड्यात वाढले की... आई? व्हय, आई बी तसंच करायची. कुणी इचारलं, "बनाबाई, पोरं किती गं तुला?" तर म्हणायची, "हायती दोन-चार." कवा बोट लावून मोजलं न्हाई तिनं आपल्याला. धाकटा गेला तवापासनं तर लयच... ठावं हाय रं मला समदं. पन ते मेंढराच्या व्यापाऱ्याला सांगायचं! सोयऱ्याधायऱ्याला सांगायचं! गाडी द्यायला आलेल्याला कोण म्हणतं का, आमी न्हाईच म्हणून?

आन् बाकीच्या घरांनी?... तेच? समद्यांनी?... बायकांनी पन. आण्णानं नुसतं खाकरलं, आन् समदी त्याच्यामागं. वा रं वा! कपाळ माझं!

थांब. एक सांग मला. आपल्या घरातलं किती सांगितलंस?... एक. एक कोण?... तू. बाजाराला जाणारा तू.

आन् सृष्टी?

दादा, मी इचारते काय? सृष्टी सांगितलीस का न्हाई?

आरं तिच्यासाठीच तर गाडी पायजे हुती! तिच्यासाठीच मी ह्या सायबाच्या, त्या सायबाच्या दारात उभी ऱ्हायले! पोरगी दहावीला केंद्रात पयली आली. म्हसवडला अकरावी सायन्सला नाव लागलं. आन् बाप सांगतोय, आमच्या घरात शाळेला जाणारं कोन न्हाई!... मग काय म्हणू? आरती ओवाळू?

... दादा?

दादा, रडतोस व्हय?... नको रं. गप. कुणी बघंल... मला कळतंय की. लय जीव हाय तुझा तिच्यावर, म्हणून लपवलीस. मला न्हाई कळणार तर कुणाला कळंल? पन समद्यांनी तसंच केलं असणार बघ. ज्यांच्यावर जीव, तीच झाकली. घरोघरच्या पोरी झाकल्या. आन् त्या गाडीत बसणार कोण हुतं? त्या पोरीच की.

आता काय हुतंय! गाड्या वाटून झाल्या. पुढल्या साली परत सर्वे करू म्हणला सायेब... म्हणलं की मी, साहेब, आमची माणसं चुकली असतील तर परत मोजा. तर म्हणला, लगेच कसं हुईल, बाई?... वडाप? आरं वडापची जीप तरी वस्तीवर येती का? फाट्यापतूर चालायचं कुणी? त्या खाणीचं डंपरवालं कसं आडवं येत्यात, ते मला नको सांगूस. राजेश्वरीच्या पोरीचं काय झालं गेल्या साली? अजून उंबऱ्याभाईर पाय टाकत न्हाई ती. मी कवा म्हणलं सृष्टीला चालत पाठीव?

मी म्हणते माझ्याकडं पाठीव. कराडला. खोली लहान हाय, पन माझ्या कुशीत निजंल की पोरगी... दाजी काय म्हणत न्हाईत, त्यांचं मी बघते. कॉलेज हिथं बी हायती... लोक? कुठलं लोक? निम्मंच हायती की लोक तुमच्या वस्तीत!

... आत्ता? आत्ता कोण बसलंय घरात?

पाव्हणं?

कशाला आल्यात?... दादा! तू शब्द दिला हुतास. गाडी दारात आली तर शिकवीन म्हणला हुतास... हां... हां... म्हणून भाईर यिऊन फोन लावलास. गाडी येणार असंल तर पाव्हणं परत लावायचं, न्हाईतर... मग पयलं हे सांगायचं न्हाई का रं! हॅलो म्हणल्या-म्हणल्या सांगायचं! मी खोटं बोलले असते! येती म्हणले असते, सोमवारपासनं येती!

मग आता सांग जा. आत जा आन् सांग, राणी म्हणली गाडी येती... येत न्हाई हे मला बी कळतंय! तू सांग!... खोटं कसं बोलू? आरं निम्मी माणसं खाल्लीस तवा जीभ अडली न्हाई, आन् आता अडती व्हय तुझी?

कुठलं पोरगं हाय?... गलाईचं दुकान. कुठं?... कोईमतूर! सोनं गाळत बसणार त्यो, आन् आपली पोरगी त्या मुलखात भाषा येत न्हाई, माणूस न्हाई... सोळा तरी सरली का रं तिची? आत टाकतील तुला. मीच तक्रार करीन, सख्खा भाऊ म्हणून बघणार न्हाई. करीन म्हंजी करीन!

आले, ज्ञानूमामा, आले! लावा तुमी फलाटाला!

दादा, ऐक. माझी गाडी सुटती आता. दिवस मावळायच्या आत फाट्यावर येते मी. पोरीला फटफटीवर घाल आन् फाट्यावर आण. कापडं नको, काय नको. मी बसवून घेते गाडीत. रातच्याला म्हसवडला मुक्काम हाय माझा, सकाळी संगं कराडला आणते. पाव्हण्यांस्नी चा पाज आन् वाटंला लाव. एवढं कर. तुझ्या पाया पडते, दादा... व्हय म्हण. आरं व्हय म्हण की!

काय झालं?... कोण हाक मारतंय? वैनी? काय म्हणती?... काय ठरलं? आरं तू हिथं माझ्याशी बोलतोयस, मग तिथं ठरवलं कुणी?... सृष्टीनं?

दे तिच्याकडं फोन. दे म्हणते ना!

सृष्टे... बाळा, आत्ती बोलती. काय सांगितलंस गं त्यास्नी?... अठरा?

वय इचारलं आन् तू अठरा म्हणलीस? कुणी शिकवलं तुला? आईनं?... मग आण्णानं?... तुझी तूच. का गं?... न्हाई, रागवत न्हाई मी. का गं बाळा?

हां... भाईर बाबा बोलत हुता ते ऐकलंस. समदं ऐकलंस?... गाडी न्हाई, ते बी... सर्वेत तुला धरलीच न्हाई, ते बी. आगं त्याचा लय जीव हाय गं तुझ्यावर, त्यानं... हां. हां, बोल. तू बोल.

त्यो पोरगा म्हणला?... काय म्हणला?

तिथं गाडी दारात थांबती.

... कॉलेजवरनंच जाती. शिकवीन म्हणला. आगं त्यो म्हणणारच बाळा, बघायला आलेला पोरगा कवा न्हाई म्हणतोय का? तू बघितलीस ती गाडी?... फोनवर दावली. बरी हाय व्हय... निळी.

सृष्टे, माझं ऐक. आत जाऊ नगंस. साखरपुड्याची साखर कोण मागतंय तिथं? जाऊ नगंस म्हणते ना! मी येते फाट्यावर. गाडी उभी करते. समदी पॅसेंजर वरडू देत, ज्ञानूमामा वरडू देत, तू येईस्तवर हलवत न्हाई मी गाडी. तू निस्ती फाट्यापतूर ये.

काय?... परत बोल, बाळा, हॉर्न वाजतोय...

फाट्यापतूर कशानं येऊ, म्हणतीस?

... हॅलो?... सृष्टे?... हॅलो?