त्याच आवाजात दुरुस्ती

सेलसो : अभिनंदन कसलं म्हणून काय विचारता, नांग बेर्ता? जिंकलात तुम्ही! रेडिओवाल्यांच्या संघानं, म्हणजे आमच्या शिस्त समितीनं, एकमतानं मान्य केलं की दोदोंग चुकला. बसा. कॉफी घ्या.

बेर्ता : समितीचे अध्यक्ष म्हणजे दोदोंगचं स्टेशन ज्यांचं, तेच ना?

सेलसो : तेच. पण स्वतःच्या स्टेशनचा विषय निघाला की खुर्ची सोडून बाहेर जातात. फार तत्त्वाचा माणूस.

बेर्ता : मग खुर्चीत कोण बसतं?

सेलसो : त्यांचे मेहुणे. अशा बघू नका हो. सरकारला एकदा आत घेतलं की ते रेडिओच बंद करेल. त्यापेक्षा आपले कान आपणच पिळलेले बरे.

बेर्ता : आपले कान माणूस किती जोरात पिळणार, सर? बरं, दोदोंगला शिक्षा काय?

सेलसो : त्याला नाही. कार्यक्रमाचा तो तास त्यानं स्टेशनकडून भाड्यानं घेतलाय, तो सभासद कुठाय आमचा? समज स्टेशनला दिली. लेखी.

बेर्ता : कुणीतरी मेसेज पाठवला की जोमार नशेची पावडर विकतो, आणि यानं तो खणखणीत वाचला. विचारलं नाही, शोधलं नाही. माझा पोरगा ट्रायसिकल रिक्षा चालवतो हो! दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर दोघं आले घर विचारत. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. पावडरवाल्यांना गोळ्या घालणारे असेच येतात.

सेलसो : म्हणून तर दुरुस्ती द्यायला लावली! चूक ज्या आवाजात, दुरुस्ती त्याच आवाजात. त्याच तासाला, दोदोंगच्याच तोंडून. पूर्ण नाव, बापाचं नाव, गल्ली. संशयाला जागाच नको.

बेर्ता : नाव? परत?

सेलसो : नावाशिवाय लोकांना कळणार कसं, निर्दोष कोण ते?

बेर्ता : सर, इतके दिवस तो पलीकडे गिमारास बेटावर लपला होता, माझ्या भावाकडे. लोक आता कुठे विसरायला लागले, म्हणून कालच घरी आणला. रेडिओ ऐकणारे अर्धंच ऐकतात. नाव ऐकतील, 'नाही' ऐकणार नाहीत.

सेलसो : नियम तुमच्याच बाजूचा आहे, नांग.

बेर्ता : तक्रार मागे घेते मी. आत्ता.

सेलसो : निकाल लागल्यावर? लोक म्हणतील, स्टेशननं दबाव आणला. संघाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

बेर्ता : वाचणार कधी?

सेलसो : आज. घाई केली समितीनं. तुमच्यासाठीच.

(टेबलावरच्या रेडिओत कोंबडा आरवतो. दोदोंगचा तास सुरू होतो.)

बेर्ता : स्टुडिओ खालीच आहे ना? फोन करा!

सेलसो : चालू कार्यक्रमात संघ ढवळाढवळ करत नाही. तेच तर आपलं तत्त्व.

बेर्ता : मग आवाज कमी करा.

सेलसो : इथला कमी करून काय होणार, नांग? सगळ्या इलोइलो शहरात त्याच्याच आवाजावर भात शिजतो.

बेर्ता : इथला तरी करा.