तारावतीचा तट

मंडळी, ऐका! हात जोडलेत ते असू द्या, पण कान मोकळे करा. एकच विचारतो — गाव कुणाचं? पोथीत ज्याचं नाव, त्याचं? की तटाच्या चिऱ्याखाली जो गेला, त्याचं? सांगा की! — आता कसे खाली बघता!

बरं, गोष्टच सांगतो. नदीकाठी तारावती नावाची नगरी. पहाटे धुकं चढलं की तटाचा पाया दिसेनासा व्हायचा, वरचे बुरूज तेवढे तरंगत राहायचे. कुणी झोपेतच नगरी पाहतंय, असं वाटायचं! ते बघत बसायचे निळंभट, नगरीचे पुराणिक. भोळा माणूस! बायको भाजीला पाठवी, हा नदीवर जाऊन बसे. — हसू नका, तुमच्याही घरी आहे एक!

चैत्रात देवीपुढे नगरीचं माहात्म्य वाचायचं. रीत अशी, की पुराणिकाने चरण म्हणायचा आणि साऱ्या गावाने तो मागून म्हणायचा.

आईने फिरवला हात । तट उभा रातोरात ।
ना छिन्नी ना घणाचा घात । धन्य नगरी ॥

रातोरात! अहो, तट बांधून चाळीसच वर्षं झालेली! ज्यांनी सात वर्षं चिरे वाहिले, तेच म्हातारे पुढे बसून माना डोलावत — रातोरात! खोटं बोलत होते? छे! दरवर्षी तेच म्हणून म्हणून त्यांना तसंच आठवायला लागलं होतं.

येसाई तेवढी म्हणत नसे. पाथरवटाची म्हातारी. पाठाच्या आदल्या दिवशी ती निळंभटांच्या ओट्याशी आली.

"भटजीबाबा, छिन्नी न्हाई, घण न्हाई, मग माझा सर्जा कशाखाली गेला वो? वीस वर्साचा व्हता. दोर तुटला, चिरा आला अंगावर. मी मेले की त्याचं नाव कोण घेणार?"

"येसाई, पोथीतलं अक्षर मला बदलता येत नाही गं."

"अक्षर मला कुठं कळतंय, बाबा? नाव तेवढं कानावर पडू द्या."

निळंभट तटाशी गेले. उन्हं उतरत होती, दगड अजून उबदार होता. त्यांनी कान लावला, डोळा लागला — आणि आतून टक्, टक्, टक्! कुणीतरी गुणगुणत दगड घडवतंय! स्वप्न होतं? असेलही. पण जागे झाले तेव्हा गाल ओले होते.

दुसऱ्या दिवशी पाठ. दोन चरण झाले. निळंभटांनी पोथीवरची नजर उचलली.

"सर्जा पाथरवट निजला त्यात!"

आणि गाव? सवयीचं गाव! हजार गळे मागून म्हणाले — सर्जा पाथरवट निजला त्यात! म्हटल्यावर कळलं, काय म्हटलं ते! मागच्या रांगेत येसाईने तोंडात पदर कोंबला.

नगरशेठ कडाडले, "कुठं लिहिलंय हे?"

"कुठंच नाही, शेठ."

पोथी गेली, पद गेलं. निळंभट पैलतीरावर राहायला गेले. मार्गशीर्षात येसाईने डोळे मिटले.

पुढचा चैत्र आला. नवा पुराणिक, खणखणीत आवाज! "ना छिन्नी ना घणाचा घात!" म्हणाला आणि थांबला. चरण कुणी उचलेना. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा कापऱ्या आवाजात म्हणाला — सर्जा पाथरवट निजला त्यात. मागून सारं गाव! तेवढ्यात दुसरा उठला, "माझा केरूदादाही होता रे त्यात!" तिसरी म्हणाली, "आमचा धोंडीमामा!" नावांवर नावं!

पैलतीरावर निळंभट धुक्यात उभे होते. तट दिसत नव्हता, नावं ऐकू येत होती. रडले, मंडळी! ढसाढसा रडले.

आता तुमची पाळी. या देवळाच्या पायऱ्या चढूनच आलात ना? कुणी घडवल्या? — नाही ना ठाऊक? मग घरी जा, म्हाताऱ्यांना विचारा. एक तरी नाव सापडलं की उद्या इथं येऊन मोठ्यानं म्हणा. इतकी वर्षं मी म्हणतो, तुम्ही मागून म्हणता. उद्या तुम्ही म्हणा — मागून मी म्हणेन!