‘असो’ म्हणजे ‘हो’ नव्हे

सभेचे अध्यक्षमहोदय, राजधानीहून मुद्दाम आलेले पुरस्कार समितीचे सदस्य म्हणजेच आजचे प्रमुख पाहुणे, संस्थेचे कार्यवाह, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले इतर मान्यवर, व्यासपीठाला पायऱ्या असल्यामुळे खाली पहिल्या रांगेच्या कडेला चाकांच्या खुर्चीत बसलेले आपले सत्कारमूर्ती, त्यांचे चिरंजीव, आणि पंखे कमी असूनही टिकून राहिलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला प्रकाशक म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. प्रकाशक उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा पुस्तकाची किंमत सांगणार. सांगतो. मागच्या मुखपृष्ठावर छापली आहे ती मी ठरवलेली, तेव्हा ती सोडून द्या. पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीची खरी किंमत अशी : वर्तमानपत्रातली एक कायमची नोकरी. डाव्या डोळ्याची नजर. बायकोशी असलेलं बोलणं, जे कादंबरीच्या मधल्या भागात कुठेतरी थांबलं आणि ती गेली तेव्हाही थांबलेलंच होतं. आणि एक मुलगा, जो ‘बाबा लिहितायत, हळू बोल’ हे ऐकत ऐकत इतकं हळू बोलायला शिकला, की पुढे दुसऱ्याच भाषेच्या मुलखात जाऊन राहिला. एवढं सगळं वजा जाता हे मानचिन्ह उरलं. मघाशी मी हातात घेऊन पाहिलं. दिसायला भारदस्त आहे, आतून पोकळ आहे.

पाहुण्यांनी रागावू नये. पुरस्कार मोठाच आहे. देशातल्या इतक्या भाषा, आणि प्रत्येक भाषेतून दरवर्षी एकालाच तो मिळतो. आपल्या भाषेतून यंदा तो आमच्या कात्रीला मिळाला. हो, आम्ही यांना कात्री म्हणायचो. का, ते सांगायला हवं.

आमची ओळख वर्तमानपत्राच्या मुद्रितशोधन विभागातली. विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली. वरून कोणी धावत गेलं की आमच्या कागदांवर पोपडे पडायचे. त्या काळी मुद्रितं तपासायला दोन माणसं लागत. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर चुका धरायच्या. माझं शिक्षण बेताचं, पण आवाज खणखणीत, म्हणून मी वाचणारा. हे धरणारे. स्वल्पविराम, पूर्णविराम, उद्गारचिन्ह, सगळं बोलून दाखवावं लागे. त्याची इतकी सवय लागली होती की लग्नानंतर मी बायकोला म्हणायचो, ‘पाणी दे पूर्णविराम.’ ती म्हणायची, ‘घ्या उद्गारचिन्ह.’

कात्रीचा सगळा राग एका शब्दावर. ‘असो.’ अग्रलेख लिहिणारे आमचे साहेब परिच्छेद संपवायचा म्हटलं की ‘असो’ लिहायचे. मी वाचायचो ‘असो पूर्णविराम’, आणि इकडे लाल रेघ फिरलेली असायची. एकदा साहेब तावातावाने जिन्याखाली आले.

“माझा ‘असो’ कुठाय?”

“काढला.”

“कुणाला विचारून?”

“साहेब, तुमचं म्हणणं अर्धं राहिलं होतं. अर्धं टाकून उठायचं असलं की माणूस ‘असो’ म्हणतो.”

“तुम्ही मुद्रितशोधक आहात की माझे सासरे?”

“सासरा असतो तर मुलगीच दिली नसती.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी एकाच अग्रलेखात मुठीने ‘असो’ पेरले, आणि वर ‘जसेच्या तसे’ असा शेरा मारला. कात्री दिवसभर जेवली नाही.

तुम्ही हसताय. मीही हसायचो.

पुरस्कार जाहीर व्हायच्या जरा आधी यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यांना ऐकलेलं सगळं समजतंय. बाहेर काढता येत नाही. अशा वेळी कधीकधी एखादा शब्द उरतो. कोणता, ते आपल्या हातात नसतं. काहींना शिवी उरते.”

एके सकाळी मी उशाशी बसलो होतो. यांनी तोंड वाकडं केलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि शब्द आला. ‘असो.’

मला हसू फुटलं. मग त्यांनाही फुटलं. ते हसू वाकड्या बाजूने रडण्यात कधी गेलं, ते दोघांनाही कळलं नाही.

डॉक्टरीणबाई, तुम्ही आज इथे आला आहात म्हणून सांगतो, तुमचं म्हणणं खरं होतं. पण शिवी उरली असती तर बरं झालं असतं. शिवीचा अर्थ लावायला लोक चुकत नाहीत.

आता राजधानीतल्या सोहळ्याविषयी. प्रमुख पाहुण्यांनी मघाशी त्याचं फार सुंदर वर्णन केलं. प्रत्येक भाषेच्या लेखकाने आपापल्या भाषेत दोन शब्द बोलायचे, असा तिथला रिवाज. यांच्यापाशी एकच होता. खुर्ची मी ढकलत होतो. माइक तोंडापाशी आला, यांनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, ‘असो.’ मग सगळे उठून उभे. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं, एका शब्दात अवघ्या आयुष्याचं सार. पाहुणे आज म्हणाले, त्या शब्दात अलिप्तता होती, क्षमा होती.

असेल बुवा. मला मात्र त्यात एवढंच ऐकू आलं, की मला लघवीला ने.

‘सो’ लांबवलेला आणि शेवटी वर चढलेला, तो हा ‘असो’. इस्पितळात मी तो रोज ऐकत होतो. पण समोर एवढा समुदाय उभा राहून टाळ्या वाजवतोय, त्यात खुर्ची फिरवायची कशी? उशीर झाला. मानपत्र मांडीवर होतं, म्हणून फोटोत काही दिसत नाही.

माफ करा, अशा प्रसंगी असं बोलू नये. पण माझं आयुष्य दुसऱ्याचं लिहिलेलं मोठ्याने वाचण्यात गेलं. ‘जसंच्या तसं’ हीच माझी नोकरी.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी यांच्या शेजारी दुसऱ्या एका भाषेच्या लेखिका येऊन बसल्या. केस पांढरे, आवाज घोगरा. त्यांची भाषा आम्हाला येत नाही, आमची त्यांना नाही. बाई त्यांच्या भाषेत काहीतरी सांगायच्या, हे म्हणायचे ‘असो’. बाई मान हलवायच्या, पुन्हा सांगायच्या. हे तोडून म्हणायचे ‘असो!’ मग बाई चक्क भांडायला लागल्या. मी धावत जाऊन दुभाषा आणला, तर बाईंनी त्याला हातानेच हाकलून लावलं. निघताना यांनी लागोपाठ दोनदा ‘असो, असो’ केलं. म्हणजे गंमत आली. झटक्यानंतर यांच्याशी कोणी वाद घातला, तो तेवढाच. बाकी आपण सगळे यांच्याशी बोलतो ते कपाळावरून हात फिरवत.

आता निरोपाकडे येतो. आजच्या निमंत्रणपत्रिकेत एक ओळ आहे : ‘सत्कारमूर्ती स्वेच्छेने आपल्या चिरंजीवांकडे वास्तव्यास जात आहेत.’ हे ‘स्वेच्छेने’ कुठून आलं, ते मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मी खोलीत होतो.

चिरंजीव म्हणाले, “बाबा, आता माझ्याकडे चला. चालेल ना?”

“असो.”

“बघा काका. तयार आहेत.”

ते ‘हो’ नव्हतं. ‘अ’ जवळजवळ गिळलेला, ‘सो’ खाली बसलेला. तसा ‘असो’ त्याआधी मी एकदाच ऐकला होता, उजव्या हाताने पुन्हा लिहिता येणार नाही असं यांना सांगितलं तेव्हा. त्याचा अर्थ, मला विचारून काय उपयोग.

मी चिरंजीवांना बाहेर नेऊन तसं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, “काका, मला काय कळत नाही? माझ्या बायकोला यांची भाषा येत नाही. मुलांना येत नाही. मी सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. सांभाळायला बाई ठेवीन, तिलाही येणार नाही. दिवसभर हे कुणाला काय सांगणार? पण माझी रजा संपली. यांच्या घरमालकाला खोली परत हवीय. इथे कोण ठेवून घेणार, तुम्ही?”

माझ्या घरात एक अंथरूण आधीच भरलेलं आहे. पाणी मागितल्यावर उद्गारचिन्ह देणारी, तिचं. चिरंजीवांना ते माहीत आहे. म्हणून त्यांनीच विषय बदलला.

आणि म्हणूनच, अध्यक्षमहोदय, आज तुम्ही सुरुवातीलाच जे बोललात ते ऐकून माझे कान टवकारले. तुम्ही म्हणालात, संस्थेच्या नव्या इमारतीत लेखक-निवास बांधून तयार आहे. ‘देशातल्या कुठल्याही भाषेचा लेखक येवो, त्याच्यासाठी आमचं दार अहोरात्र उघडं आहे.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मी ते निवास पाहिलेलं नाही, रस्त्यावरून फलक तेवढा पाहिला आहे. पण माझी भर सभेत विनंती आहे, ती खोली यांना द्या. आमच्याकडचे निवृत्त बाइंडर सोबत राहायला तयार आहेत. ते मागे बसलेत, त्यांना यांचे सगळे ‘असो’ कळतात. रोज सकाळी मी येईन आणि मोठ्याने वाचून दाखवीन, हे चुका धरतील. डावा हात चालतो. लाल पेन मी आणीन.

चिरंजीव उभे राहिले. काय म्हणता? जरा मोठ्याने. ऐकलंत मंडळी? “खोली मिळत असेल तर मी आत्ता तिकीट रद्द करतो.”

कात्री, तूच सांग. राहतोस इथे?

“असो!”

हा मी आजवर ऐकलेला नव्हता. ‘अ’ किती ठणठणीत आला! पण याचा अर्थ मी सांगायची गरज नाही, तुम्ही त्यांचा चेहरा बघा.

अध्यक्षमहोदय, आपण कार्यवाहांकडे पाहताय. कार्यवाह उठले. या, या, माइकवरच सांगा. नको? बरं, कानात सांगा.

...

हं.

उचलून नेलं तर? चार जणांनी?

हो. तेही खरं. दिवसातून कितीदा उचलणार.

चिरंजीव, बसा. गाडीला वेळ आहे अजून.

तर मंडळी, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि माझं एवढं ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. बोलण्यात काना-मात्रा कमी-जास्त झाला असेल, एखादी ओळ छापू नये अशी निघून गेली असेल, तर ती माझी नजरचूक समजून आपल्या प्रतीत दुरुस्त करून घ्यावी. कार्यवाहांनी कानात सांगितलं ते तेवढं सभेला सांगून खाली बसतो. लेखक-निवास तिसऱ्या मजल्यावर आहे, इमारतीत लिफ्ट नाही, आणि संडास तळमजल्याला.