नाव झाकलेला स्कॅन

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरचे अधिष्ठाता महोदय, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे सर, वहिनी आणि माझ्या सहकारी व विद्यार्थी मित्रांनो,

भाषण मी छान लिहून आणलं होतं. विनोदसुद्धा पेरले होते. पण मघाशी चहाच्या वेळी वहिनी एक वाक्य बोलून गेल्या आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवलाय. मेंदूच्या सर्जनला असं गडबडणं शोभत नाही, पण गडबडलेय.

सर, सांगू ना? मान हलवली त्यांनी. सांगते.

आमच्या विभागाचं संशोधन म्हणजे रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी गप्पा मारत मेंदूतली गाठ काढायची. बोलणं अडखळलं की तिथेच थांबायचं. दर आठवड्याच्या बैठकीत एखादा स्कॅन पडद्यावर लागतो, नाव झाकून. ही शिस्त सरांचीच. नाव दिसलं की डॉक्टर भिडेखातर बोलतात, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या बैठकीत असाच एक स्कॅन लागला. गाठ नेमकी बोलण्याच्या जागेला चिकटलेली. सगळे म्हणाले, हात लावू नका. आणि मी? मी खुर्चीतून उठलेच. "अहाहा, काय सुरेख केस आहे! आपल्या संशोधनाला अशीच हवी होती. जागं ठेवून काढता येईल." पहिल्या रांगेतून सरांनी शांतपणे विचारलं, "आणि बोलणं गेलं तर?" मी म्हटलं, "गेलं तर गेलं, सर, जीव तर राहील!" सर हसले. मला वाटलं, शाबासकीच मिळाली.

मघाशी वहिनी म्हणाल्या, "सोमवारी जरा सांभाळून गं. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात नकोय." मी विचारलं, "सोमवारी काय?" त्या म्हणाल्या, "म्हणजे यांनी अजून तुला सांगितलंच नाही? गेल्या बैठकीत तूच म्हणालीस ना, जागं ठेवून काढता येईल?"

तो स्कॅन सरांचा होता.

अहो सर, असं करतं का कुणी? मुदतीआधी निवृत्ती का घेताय, म्हणून आम्ही डोकं खाजवतोय, आणि तुम्ही गप्प! मला तुमचा राग आलाय, भरल्या सभेत सांगते. ज्यांच्या गप्पांसाठी वॉर्डातले रुग्ण वाट बघतात, त्यांचं बोलणं गेलं तर गेलं म्हणाले मी!

असो. संयोजकांचे आभार, वहिनींचे तर फारच. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर आपण सगळ्यांनी पोटात घालावं.

सर, तुम्ही नाही घालायचं. सोमवारी टेबलावर माझ्याशी गप्पा मारत राहायचं. एक शब्द जरी अडखळला, तरी मी थांबेन, मग उरली गाठ तर उरू दे. आणि सगळं आटोपलं की त्या 'सुरेख केस'बद्दल मला चांगलं झापायचं. खणखणीत आवाजात.