मस्टरवरची विमल

(रोजगार हमीच्या पाझर तलावाचं काम. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालेलं नाही आणि पाऊस दोन सालांपासून रुसलेला. जेवणाची सुट्टी. हातात कागद घेतलेले शाळेचे वसंतराव गुरुजी, मजूर सरजाबाई, तिची लेक विमल आणि मांडीवर मजुरांच्या हजेरीचं मस्टर घेऊन बसलेला मुकादम लिंबाजी.)

गुरुजी : मग हे एकोणीस आलं कुठून, ते सांगा की मला. तेरा वर्षांची पोर कागदावर एकोणीसची होतेच कशी?

सरजाबाई : हळू बोला, गुरुजी. समदे ऐकायलेत.

गुरुजी : ऐकू द्या. काल एस.टी.नं लातूरला गेलो. मुलींचं नवं वसतिगृह, तालुक्यातून चार जागा, त्यात एक हिची. तिथल्या बाईंनी तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला वाचला. सरजाबाई, मजूर. विमल, वय एकोणीस, मजूर. म्हणाल्या, गुरुजी, एकोणिसाव्या वर्षी आठवीत बसवता का हिला? मला मान वर करता येईना.

लिंबाजी : तलाठ्यानं माझं मस्टर बघून लिवलं असंल. अठराच्या खालचं नाव मस्टरवर चढत न्हाई, गुरुजी.

गुरुजी : म्हणून तू वयच चढवलंस.

लिंबाजी : ही रडत आली म्हणून चढवलं. खामखा माझ्यावर नका येऊ.

सरजाबाई : रडले न्हाई मी. नवरा गेल्यावर एकलीच्या मजुरीत चार तोंडं भागंनात, ते सांगितलं. आन गुरुजी, तुमी हिची तारीख कुठून आणली होती? शाळेचा पट भरंना म्हणून वस्तीत आलावता. पोरीनं डोक्यावरून हात नेऊन कान धरला, तुमी म्हणलाव सहा वर्साची झाली, एक जून लिवा. तवा कोन दाखला मागितला?

गुरुजी : ते शाळेसाठी होतं.

सरजाबाई : ह्ये पोटासाठी हाय.

गुरुजी : बरं बाई, झालं ते झालं. आज सकाळी तलाठ्याला गाठलं. तो म्हणतो, मस्टरवरचं नाव कमी करून आणा, उद्या सकाळी दुसरा दाखला देतो. तो उद्या संध्याकाळपर्यंत लातूरला पोचला नाही, तर ही जागा दुसरीला जाते.

सरजाबाई : म्हंजे मजुरीत हप्त्याला मिळतंय त्यातलं निम्मं धान्य गेलं.

गुरुजी : तिकडं तिला दोन वेळचं जेवण आहे.

सरजाबाई : तिला हाय. हितं दोघं ल्हान हायेत, त्येंना कोन घालतंय? सातवीत पयली आली तवा समद्या वस्तीला गूळ वाटला मी. शिक्षान काय असतंय ते मला नका शिकवू. पर शिकवायला आधी लेकरू जितं लागतंय.

गुरुजी : डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. सात वर्षं शिकवलं हिला. हिच्या निम्म्या अकलेची पोरं पुढं जाणार, का तर त्यांच्या घरच्या कणगीत ज्वारी आहे. विमल, तू तरी बोल काही.

विमल : म्या न्हाई जात, गुरुजी. माझं नाव गेलं तर माय पानी पिऊन निजती, मला म्हाईत हाय. धाकट्याला शिकवू की. माझे आता किती दिस ऱ्हायलेत?

सरजाबाई : किती दिस म्हंजे?

विमल : लग्नाला.

सरजाबाई : ऐकलं का, गुरुजी? ह्ये तेरा वर्साच्या लेकराचं बोलनं हाय का? मी कागदावर एकोणीस लिवून घेतलं, तर कार्टी खरंच एकोणीसची होऊन बसली. लिंबाजी, काट तिचं नाव.

लिंबाजी : असं कसं काटू? वय खोटं होतं म्हणून काटलं, तर साहेब आधी मला घरी बसवतील, मंग तुला.

गुरुजी : घ्या. झालं कल्याण.

लिंबाजी : दम धरा की. बाईमाणसाचं नाव मस्टरवरून कमी व्हायचं म्हंजे एक तर ती मरावी, न्हाई तर लग्न होऊन जावी. नांदायला गेली लिवलं की कोनी काय इचारत न्हाई.

गुरुजी : म्हणजे खोट्यावर आणखी एक खोटं. अरे, मी मास्तर आहे.

सरजाबाई : तुमी तिकडं तोंड करा, गुरुजी.

विमल : माय, मंग धान्याचं?

सरजाबाई : तू गप बस. घरात मोठी मी हाय. लिव रे, लिंबाजी.

लिंबाजी : लिवतो. विमल, लग्न होऊन सासरी गेली. आता गाव लिवावं लागतंय. कोन्या गावाला दिली?

सरजाबाई : लातूरला.